रोमहून क्रूझ पकडताना: घरापासून केबिनपर्यंत (ठाणे–नवी मुंबईकरांसाठी)

तलावपाळी | १७ मे, रात्री ९.४०

इथे क्रूझवर बरेच धागे आहेत, पण सगळे ‘कुठली कंपनी’ आणि ‘किती पडले’ यावर येऊन थांबतात. घराला कुलूप लावल्यापासून बोटीवर बॅग रिकामी करेपर्यंतच्या भागाबद्दल कोणी लिहीत नाही, आणि सगळी फजिती तिथेच होते. आम्ही नुकतेच भूमध्य समुद्रातली सफर करून आलो. मी, नवरा आणि नेरूळच्या आमच्या वन्सं. रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून चढलो, पुढे सिसिली, ग्रीसची बेटं, तुर्कस्तानात कुसादासी आणि परत. बोट लक्झरी प्रकारातली, म्हणजे लहान. सहा-सातशे प्रवासी.

आधी व्हिसा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) नाही. बोट कुसादासीला लागली की तुम्ही शेंगेनबाहेर, आणि दुसऱ्या दिवशी ग्रीसला आलात की नव्याने आत. त्यामुळे सिंगल एंट्रीचा उपयोग नाही, बंदरावरच अडवतात. अर्जात मल्टिपल एंट्री मागा आणि बोटीचा पूर्ण मार्ग तारखांसकट जोडा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं शुल्क. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. उन्हाळ्यातल्या प्रवासाला अपॉइंटमेंटचीच मारामारी असते, तेव्हा पोरांच्या परीक्षा संपायची वाट बघत बसू नका. शेंगेन व्हिसा चालू असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. तोही काढून प्रिंट फाइलला लावून टाकला.

दुसरं, बोट सुटायच्या दिवशी रोमला उतरायचं नाही. किमान एक दिवस आधी पोचा. विमान बोटीसाठी थांबत नाही आणि बोट विमानासाठी थांबत नाही. आखातातून जाणारी बरीच विमानं मुंबईहून पहाटे सुटतात, म्हणजे ठाण्याहून निघायचं रात्री दहा-अकराला. घोडबंदर रोडचे लोक त्यात आणखी एक तास धरतातच, त्यांना मी काय सांगणार. रोमला पोचल्यावर उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास मागे जातं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजताच सगळे जांभया देत होतो. अशा अवस्थेत थेट बंदर, रांगा आणि सुरक्षा कवायत? नको.

रोमहून चिवितावेक्किया सत्तर-ऐंशी किलोमीटर. टॅक्सी करायची तर आधी आकडा विचारा आणि बसूनच ऐका. आम्ही टर्मिनी स्टेशनवरून साधी रिजनल गाडी घेतली, पाच युरोच्या आत तिकीट, सव्वा तासाच्या आत बंदराचं गाव. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. कागदी तिकीट असेल तर ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड. आणि या गाड्या पंचवीसच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात. ठाण्याला एक नंबरवरून दहा नंबरला जाताना जेवढी तंगडतोड होते त्याच्या तिप्पट धरा, तीही चार चाकांची बॅग ढकलत. वन्सं मध्येच थांबून म्हणाल्या, “अगं, हे स्टेशन संपतंय की आपण चालतच समुद्रावर जायचंय?” गावात उतरल्यावर लार्गो देला पाचे नावाच्या जागेपर्यंत बस आणि तिथून बंदराची फुकट बस थेट बोटीपाशी.

टर्मिनलवर सगळं विमानतळासारखंच. फक्त बॅगा दारातच हमालाच्या ताब्यात जातात आणि संध्याकाळी केबिनच्या दाराशी येतात. त्यांना लावायचे टॅग कंपनी आधी मेलवर पाठवते. ते छापून जवळ ठेवा, पण बॅगेला रोमच्या हॉटेलात लावा. मुंबईहून लावून नेलेत तर विमानाच्या टॅगांच्या गर्दीत निम्मे फाटतात. हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे. बाकीचं सामान चार-पाच तास दिसणार नाही असं समजूनच चला.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते. चढण्याचा दिवस हा सुट्टीचा दिवस नाही, कामाचा आहे. आमच्या आसपासची मंडळी चढल्या चढल्या पेले घेऊन डेकवर लवंडली. आम्ही बुफेत चार घास खाऊन उठलो आणि कामाला लागलो. वेगळ्या रेस्टॉरंटांची टेबलं राखून घेतली (चांगल्या वेळा पहिल्याच दुपारी संपतात), किनाऱ्यावरच्या सहलींची खात्री केली, खात्याला कार्ड जोडलं आणि रेस्टॉरंट मॅनेजरला गाठलं.

मॅनेजरला गाठायचं कारण वन्सं. अंडं नाही, आणि ‘अंडं नाही’ म्हणजे केकमध्येही नाही. बुकिंगच्या वेळी लेखी कळवलेलं होतं, तरी पहिल्या दिवशी समोर जाऊन सांगायचंच. मॅनेजर फिलिपिनो. त्याने वहीत लिहून घेतलं आणि आतून एकाला बोलावलं. पांढरी टोपी, छातीवर नावाची पट्टी, खाली ‘इंडिया’. आमचं मराठी कानावर पडताच गडी हसला आणि म्हणाला, “काय व्हया ता सांगा.” वेंगुर्ल्याचा! मग काय, वन्संनी त्याला घरचं सगळं विचारून घेतलं, मागे रांग. त्याने एकच नियम सांगितला: उद्या रात्री काय हवं ते आज रात्री सांगायचं, आयत्या वेळी काही मागायचं नाही. पुढे रोज डाळ आणि एक सुकी भाजी आली. पोळीच्या नावाखाली जे यायचं ते तव्यावर शेकलेलं काहीतरी होतं, पण गरम असायचं. कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीच्या पलीकडचं काही मिळतंय याचंच कौतुक.

केबिनबद्दल थोडक्यात. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेलेत तर टोप्या, पिशव्या, ओळखपत्रं सगळं भिंतीवर जातं. बाथरूममध्ये शॉवरच्या वर एक गोल डबी असते, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या खाचेत अडकवायची, कपडे तिथे वाळतात. बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल टाकायचा नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा, नाहीतर दोघांना फिरायला जागा उरत नाही. आम्ही वन्संची केबिन शेजारची घेतली होती, तरीही त्यांची बॅग आमच्याकडेच!

सिसिलीकडे जाताना स्ट्राँबोली लागतो. समुद्रात एकटा उभा असलेला ज्वालामुखी, दर थोड्या वेळाने तोंडातून लाल ठिणग्या उडवतो. जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. कप्तानाने स्पीकरवरून सांगितलं तेव्हा उशीर झाला होता, पण आमचं सगळं लावून झालेलं असल्यामुळे आम्ही शाली घेऊन डेकवर होतो. पेलेवाले बरेचसे झोपले होते.

विचारा काय विचारायचं ते.

---

घोडबंदरकर | १७ मे, रात्री १०.०५

एक तास? ताई, गायमुखला काम चालू असेल तर दोन धरा. बाकी लेख झकास. वाचनखूण साठवली.

---

सानपाडा_स्लो | १७ मे, रात्री १०.३१

छान लिहिलंय. पण एवढे पैसे घालून बंद डब्यात बसायचं, त्यात अख्खं कोकण चार वेळा होईल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा, वारा तोच.

---

तलावपाळी | १७ मे, रात्री १०.४४

@सानपाडा_स्लो, कोकण दरवर्षी होतं. रेवसच्या लाँचमध्ये वन्संना बिनअंड्याचा केक कोण देणार?

---

दर्यावर्दी | १७ मे, रात्री ११.५२

मी मर्चंट नेव्हीत होतो, आता सीवूड्सला घरी असतो. प्रवासी जहाजांवर काम केलेलं नाही, पण ताईंनी सुरक्षा कवायतीचा नुसता उल्लेख केला म्हणून लिहितोय.

१३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया याच चिवितावेक्कियाहून संध्याकाळी सुटलं आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्या वेळचा नियम असा होता की नव्या प्रवाशांची कवायत चढल्यापासून २४ तासांच्या आत घ्यायची. म्हणजे त्या दिवशी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालेलीच नव्हती. कायद्याने ते चुकीचं नव्हतं, हीच गंमत. नंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता कवायत व्हायलाच हवी.

हल्ली बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघून फक्त आपल्या ठिकाणावर (संकटात जमायची ठरलेली जागा) जाऊन कार्ड दाखवायचं असतं. पाच मिनिटांचं काम. पण जाताना लिफ्ट न घेता जिन्याने जा आणि दारं मोजत जा. खऱ्या वेळी लिफ्ट नसते आणि दिवेही असतीलच असं नाही. इशारा लक्षात ठेवा: सात छोटे भोंगे आणि एक लांब. ठिकाणाचं अक्षर तुमच्या कार्डावरच छापलेलं असतं.

दुसरं, केबिन निवडताना. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितकी खालची घ्यावी. वर आणि टोकाला गेलं की हेलकावा वाढतो. हल्लीच्या जहाजांना पाण्याखाली दोन बाजूंना पंख असतात, त्यामुळे डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी होतं. पुढे-मागे होणारं मात्र त्यांनी थांबत नाही. एजंट लोक ‘वरचा डेक, व्ह्यू बघा’ करून विकतात. आणि डोक्यावर काय आहे ते नकाशात बघा. स्विमिंग पूलच्या डेकखालची केबिन म्हणजे पहाटे पाचला खुर्च्या ओढायचा आवाज.

---

वाशीची_मावशी | १८ मे, सकाळी ७.२०

@दर्यावर्दी, हे माहीत नव्हतं. मी त्या कवायतीला कंटाळवाणा प्रकार समजत होते.

बोट लागते त्यावर घरगुती काय करता येईल? आलेपाक चालतो का?

---

डॉ_पाचपाखाडी | १८ मे, सकाळी ८.१५

आलेपाक चालतो, न्या. पण समुद्र खवळल्यावर एकट्या आल्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या आवोमिनसारख्या गोळ्या उलटी सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. झोप येते, त्यामुळे रात्री घेतलेली बरी. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. डोळे क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नाही.

रोजची औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट, थोडे दिवस जास्तीची. बोटीवरच्या दवाखान्यात कन्सल्टिंगचं बिल डॉलरमध्ये येतं. विमा घेताना ‘समुद्रावरून हलवण्याचा खर्च’ त्यात आहे का ते वाचा. व्हिसासाठी जो सर्वात स्वस्त विमा घेतला जातो त्यात क्रूझ बऱ्याचदा वगळलेली असते.

---

खारीगाव_टोलनाका | १८ मे, दुपारी १.१०

आधी पोचा या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाला त्यांच्या एजंटने बोट सुटायच्या दिवशीच सकाळी पोचणारं विमान काढून दिलं होतं. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं. बोट गेली. पुढच्या बंदराला स्वतःच्या पैशाने विमान करून गाठली, हॉटेल वेगळं, आणि बॅगा तर मधल्याच विमानतळावर. एजंट म्हणतो, “विमान कंपनीशी बोला.” विमान कंपनी म्हणते, “आमचं काम रोमपर्यंत.” चौघेजण बाजारातून घेतलेल्या टी-शर्टांवर फॉर्मल नाईटला बसले!

---

बेलापूर_किल्ला | १८ मे, दुपारी ३.४८

आमच्या सासऱ्यांनी आमच्या नकळत बॅगेत छोटी इलेक्ट्रिक किटली घातली होती. सगळ्यांच्या बॅगा आल्या, त्यांची नाही. रात्री नऊला निरोप, खाली या. एका खोलीत रांगेने जप्तीचा माल मांडलेला: इस्त्र्या, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्त्या, कोणाची तरी अगरबत्ती. किटलीला चिठ्ठी लावली आणि सांगितलं, उतरताना घेऊन जा. सासरे त्या ऑफिसरला हिंदीत समजावत होते की पहाटे साडेचारला चहा लागतो.

आग लागली तर समुद्रात पळायला जागा नाही, म्हणून गरम होणारी कुठलीच वस्तू चालत नाही. इस्त्रीवाले लक्षात घ्या.

---

सुमी_कळवा | १८ मे, संध्या ६.०२

खाऊ काय नेता येतो? आईला चकल्या आणि पेढे न्यायचेत. शिवाय फॉर्मल नाईटला काय घालायचं? आमच्याकडे गाऊन वगैरे नाही.

---

तलावपाळी | १८ मे, रात्री ८.३०

@सुमी, पेढे घरीच राहू देत. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चकल्या बंद पाकिटातल्या, दुकानच्या घ्या. घरी केलेलं बोटीवर बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत. एकदा चढल्यावर लागतंही कमी, चोवीस तास काही ना काही समोर असतंच.

फॉर्मल नाईटला साडी, बिनधास्त. मी साधी नारायणपेठ नेसले होते, वन्संनी पैठणी. जेवायला जाताना तीन वेळा थांबवून लोकांनी फोटो काढले. नवऱ्याने बंदगळा घातला. फक्त ब्लाऊज, परकर सगळं हाताशी एका पाकिटात ठेवा आणि साडी इस्त्री करून घडी न मोडता न्या, कारण वर किटलीचं झालं ते इस्त्रीचंही होणार.

---

अनुस्वार | १८ मे, रात्री ९.१४

लक्झरी बोट आणि मोठी बोट यांच्या हिशेबात नक्की काय फरक पडतो? आम्ही दोघंही दारू पीत नाही.

---

तलावपाळी | १८ मे, रात्री १०.२०

@अनुस्वार, कळीचा प्रश्न. मोठ्या बोटींचं तिकीट स्वस्त दिसतं, पण टिप्स वेगळ्या (साधारण १६ ते २० डॉलर, माणशी, रोज, आपोआप खात्यात), वायफाय वेगळं, साधं कोल्ड्रिंकही वेगळं. लक्झरीत हे बहुतेक सगळं आत, शिवाय जागा भरपूर, रांगा नाहीत. पण त्या किमतीत दारूही धरलेली असते. न पिणाऱ्याने ती का भरायची? आमचा नवरा थोडी घेतो, म्हणून आमचं जमलं. तुम्ही दोघंही घेत नसाल आणि मुलं बरोबर असतील तर मोठीच बोट घ्या. घसरगुंड्या, सिनेमा, सगळं तिथेच असतं. लक्झरीवर मुलांना करायला काही नाही, सरासरी वय आमच्याही वर होतं.

मात्र वन्संच्या ताटाकडे ज्या पद्धतीने लक्ष दिलं गेलं ते पाच हजार माणसांच्या बोटीवर होईल असं मला वाटत नाही.

---

सानपाडा_स्लो | १८ मे, रात्री १०.४१

पाच हजार हे उगीच फेकलंय की खरंच?

---

दर्यावर्दी | १८ मे, रात्री ११.०३

खरंच. आयकॉन ऑफ द सीजवर एका केबिनमध्ये दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी. सगळ्या खाटा भरल्या तर साडेसात हजारांच्या आसपास. कर्मचारी वेगळे.

---

नेट_नाही_तर_जग_नाही | १८ मे, रात्री ११.३०

फोनचं काय? माझं ऑफिसचं काम सुटणार नाही.

---

दर्यावर्दी | १८ मे, रात्री ११.४१

बोट सुटली की फोन विमान मोडवर टाका आणि तसाच ठेवा. किनारा सुटल्यावर जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो, आणि तुमच्या इंटरनॅशनल रोमिंग पॅकमध्ये ते नसतं. घरी आल्यावर बिल बघून लोक कंपनीशी भांडतात. जहाजाचं वायफाय वापरा, हल्ली बरंच सुधारलंय. मीटिंग मात्र बंदरात असताना लावा.

आणि बोटीचं घड्याळ बघत जा. देश बदलताना तास बदलतो, बोट कधी बदलते, कधी नाही. परत येण्याची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे असते आणि ती सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते.

---

वाशीची_मावशी | १९ मे, सकाळी ७.०५

सांतोरिनीला उतरताना त्रास होतो असं ऐकलं. गुडघे दुखतात माझे.

---

तलावपाळी | १९ मे, सकाळी ९.३०

मावशी, तिथे मोठ्या बोटीला लागायला धक्का नाही. बोट खाली समुद्रात नांगर टाकते, छोट्या होड्यांनी किनाऱ्याला नेतात, आणि गाव सरळ डोक्यावर कड्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ ६०० पायऱ्या. केबल कारची रांग दुपारी भयंकर असते. पहिल्या होडीने उतरा किंवा कंपनीची सहल घ्या, त्यात बहुतेक वेळा दुसऱ्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात. होडीत चढताना दोन खलाशी दंड धरून अक्षरशः उचलतात, तेव्हा लाजू नका. हो, आणि २०२५ पासून ग्रीसने क्रूझच्या प्रवाशांवर शुल्क लावलंय. सांतोरिनी आणि मायकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. ते बहुतेक बोटीच्या बिलातच येतं, बघून घ्या.

---

नवी_मुंबईकर_सीए | १९ मे, सकाळी ११.१५

परदेशी टूर पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलंत तर टीसीएस (पॅकेजच्या पैशांबरोबरच आगाऊ घेतला जाणारा कर) कापतात. दर बजेटमध्ये बदलत असतो, त्यामुळे जुने आकडे धरून भांडू नका. पैसे बुडत नाहीत, २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसतात आणि रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं. फक्त ज्याच्या पॅनवर कापलाय त्याच्याच रिटर्नमध्ये. आईच्या पॅनवर बुकिंग आणि आई रिटर्न भरत नाही, अशी एक केस आत्ताच टेबलावर आहे. बुकिंगआधी पॅन कोणाचं द्यायचं ते ठरवा.

---

सुमी_कळवा | १९ मे, दुपारी १२.५०

शेवटचं विचारते. आमची बोट रोमहून सुटते पण जास्त दिवस ग्रीसमध्ये आहेत. अर्ज इटलीकडे की ग्रीसकडे?

---

तलावपाळी | १९ मे, दुपारी १.२५

जिथे जास्त दिवस तिथे. दिवस सारखेच भरले तर जिथून आत शिरणार तिथे. बोटीआधी आणि बोटीनंतर रोममध्ये राहणार असाल तर ते दिवसही मोज, कदाचित इटलीच पुढे जाईल. तारखा इथे टाक, मोजून देते.